आखाडा आणि विद्या
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



कुस्ती आणि विद्या यांचे वैर आहे, असे मी शिक्षक असताना मानीत असे. माझे दोन्ही मुलगे पंधरा-सोळा वर्षांचे असता तालमीत जाऊ लागले, तेव्हा मी रागावलो. पुढे पाहतो तो पहाटे उठणे, जोर-बैठका काढणे, आखाड्याची माती खणणे आणि वस्तादांचा शब्द झेलणे त्यांच्या अंगवळणी पडले. अभ्यासही सुटला नाही. एका मैदानात धाकटा चितपट झाला. उठताच त्याने प्रतिपक्षी मल्लास कडकडून मिठी मारली. त्या क्षणी ऊर भरून आला, तसा तो जिंकता तरी आला नसता.

गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी पैलवान पित्याकडून मातीचे पहिले धडे घेतले आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. विद्येनेच मल्लाला हात दिला! मग वैर कोठे उरले?

म्हणून पालकांस विनंती एवढीच : मुलांच्या अंगावरील मातीची लाज बाळगू नका, आणि त्यांच्या दप्तरावर धूळ बसू देऊ नका.