‘मी’ म्हणजे नेमके कोण?

दहावीची परीक्षा जवळ आली की आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या घराघरांत एक प्रश्न ऐकू येतो, ‘बाकीचं निघेल हो, पण इंग्रजीचं काय?’ मुले उजळणीसाठी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या वह्या नियमांनी भरलेल्या असतात. काळ, प्रयोग, अलंकार, शब्दार्थ, सगळे पाठ असते. तरी चुका त्याच त्या होतात. बरीच वर्षे शिकवल्यावर माझ्या लक्षात आले की यातल्या पुष्कळ चुका अज्ञानाच्या नसतात. मराठीत जे बरोबर असते, तेच मुले इंग्रजीत नेतात.

एका मुलीचे उदाहरण सांगतो. आईवडील ऊसतोडीला गेलेले, ही आजीजवळ राहायची. फोनवरचे एखादे बोलणे इंग्रजीत आपल्या शब्दांत सांगा, असे मी वर्गाला सांगितले. तिने लिहिले, ‘फादर सेड दॅट आय विल कम बिफोर द एक्झाम.’ मराठीत पाहा, ‘बाबा म्हणाले की मी परीक्षेच्या आधी येईन.’ येणार कोण? बाबा. यात कोणाचाही गोंधळ होत नाही, कारण मराठीत ‘की’ नंतरही बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच राहू शकतो. इंग्रजीत मात्र अवतरणचिन्हे काढली की ‘आय’ सांगणाऱ्याचा होतो. म्हणजे त्या वाक्यात मुलगीच येणार! म्हणून तिथे ‘ही वुड कम’ असे लिहावे लागते. हे एकदा उमगले की अप्रत्यक्ष कथनाचा निम्मा धडा झाला.

गंमत अशी की ही अवतरणचिन्हे आपल्याकडेही इंग्रजीच्याच वाटेने आली. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्याआधी कोणाचे बोलणे कुठे संपले, हे ‘ऐसे’, ‘म्हणोन’ अशा शब्दांवरूनच ओळखायचे.

गोष्ट लिहितानाही हाच प्रश्न येतो, ‘मी’ कोण? साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ 1935 साली प्रसिद्ध झाले. गोष्ट आईची, पण सांगणारा श्याम. मी मुलांना म्हणतो, यातला एक प्रसंग आईच्या तोंडून लिहा. ती सर्वनामे बदलून वही पुढे करतात. मग मी विचारतो, ‘श्यामच्या मनातलं आईला कसं कळलं? तो शाळेत असताना काय झालं, ते तिला कुणी सांगितलं?’ मुले थांबतात आणि पुन्हा लिहायला बसतात. ज्याने जेवढे पाहिले-ऐकले, तेवढेच तो सांगू शकतो. निवेदकाचा दृष्टिकोन म्हणतात तो हाच.

अलंकारांसाठी तर आपल्याला तेरच्या पलीकडे जायला नको. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना ‘कच्चं मडकं’ ठरवले, ही कथा इथे लहान मुलालाही माहीत असते. माणसालाच मडके म्हटले, म्हणजे रूपक झाले. इंग्रजीत ‘हाफ-बेक्ड’ असा शब्द आहे. आपल्याकडे कुंभाराची भट्टी, तिकडे पावाची. भाजणे मात्र अर्धवटच! फरक एवढाच की आपण कच्चे बहुधा माणसाला म्हणतो आणि ते ‘हाफ-बेक्ड’ बहुधा कल्पनेला किंवा योजनेला म्हणतात. म्हणून शब्द एकटा पाठ करू नये, तो कशाबरोबर येतो हेही पाहावे.

आपल्या ओळखीच्या शब्दांशी तर जास्तच जपून वागावे. आपण एस.टी.साठी ‘स्टँड’वर जातो, पण ‘आय ॲम गोइंग टू स्टँड’ म्हटले तर इंग्रजी माणूस समजेल, हा आता उठून उभा राहणार. शेतातली ‘बोअर’ही तिकडे ‘बोअरवेल’ असते. नुसता ‘बोअर’ म्हणजे कंटाळवाणा माणूस.

पालकांना एक सांगावेसे वाटते. हा जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथल्या कित्येक आजोबांनी घरी मराठी बोलत शाळेत उर्दूतून गणित आणि इतिहास शिकला. आपली मुले 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकत आहेत. तेव्हा ‘आपल्याला जमत नाही’ हे वाक्य घरात नको. रोज एक मराठी वाक्य घ्यावे, ते इंग्रजीत लिहावे आणि काय बदलले ते मुलालाच मोठ्याने सांगायला लावावे. आईवडिलांना इंग्रजी येत नसले तरी ऐकता येते.

त्या मुलीचे सांगायचे राहिले. वाक्य दुरुस्त केल्यावर तिने विचारले, ‘सर, वुड म्हणजे येतीलच ना?’ मी म्हणालो, ‘बाळ, तेव्हा ते तसं म्हणाले, एवढंच त्यातून कळतं. आले की नाही, ते पुढच्या वाक्यात सांगावं लागतं.’ थोडा विचार करून तिने खाली लिहिले, ‘बट द फॅक्टरी इज स्टिल रनिंग.’ कारखान्याचा हंगाम अजून संपला नव्हता. त्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते.