नाव छापलं नाही, तरीही

(समाजमाध्यमं आणि पत्रकारिता या विषयावर पुण्यात झालेल्या दोन दिवसांच्या परिषदेला आपल्या गटातली एक कार्यकर्ती गेली होती. परत आल्यावर गटाच्या बैठकीत तिने केलेलं हे भाषण.)



परिषदेत काय झालं ते सांग, असं तुम्ही म्हणालात. मी टिपणवही भरून आणली आहे, ती ज्यांना हवी त्यांनी घेऊन जावी. पण सुरुवात करायची तर एका कबुलीपासूनच करायला हवी.

दुसऱ्या दिवशी दुपारी 'अत्याचाराच्या बातम्या आणि माध्यमांची जबाबदारी' या विषयावर चर्चा होती. मी तावातावाने उठले. आपल्या तालुक्यातली दोन वर्षांपूर्वीची हकीकत सांगितली. एका बाईवर बलात्कार झाला. ती तक्रार द्यायला गेली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घराचं चित्रीकरण सगळ्या तालुक्याच्या फोनवर फिरत होतं. चेहरा पुसट केलेला, नाव नाही. पण दार तिचं, अंगण तिचं, वयही खरं. महिन्याभरात तिला गाव सोडावं लागलं. "तुम्ही पत्रकारांनी तिला गावातून उठवलं," असं मी म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा मागच्या रांगेतून एक तरुण वार्ताहर उभा राहिला. आपल्याच भागातला. शांतपणे म्हणाला, "ताई, गावाचं नाव, तिचं वय, नवरा कामाला मुंबईत असतो, ती अंगणवाडीत मदतनीस आहे, हे सगळं तुमच्या पत्रकात होतं. आम्ही ते वाचून गेलो."

मी खाली बसले. कारण ते पत्रक मी लिहिलं होतं.

ती रात्र मला आठवते. गुन्हा नोंदवून घ्यायला टाळाटाळ चालली होती. "उद्या या, साहेब नाहीत," हे तिने दोनदा ऐकलं होतं. बातमी आली की हालचाल होईल, या हिशोबाने मी पत्रक लिहिलं आणि बारा-पंधरा वार्ताहरांना फोनवरूनच पाठवून दिलं. नाव लिहिलं नाही, म्हणजे आपण कायदा पाळला, असं मला वाटत होतं. पण त्या गावात अंगणवाडीची मदतनीस एकच. नाव लिहायचं बाकी काय राहिलं होतं?

पीडितेची ओळख उघड करू नये, हा कायदा काही आकाशातून पडलेला नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर, आताच्या गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. त्याच वेळी ओळख उघड करणं हा गुन्हा ठरला, भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ७२ झालं आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड. गंमत बघा, त्या आंदोलनात आपण त्या मुलीचं नाव घोषणांमध्ये घेतलं, आजही पुस्तकांतून घेतो. आज मी ते मुद्दाम घेत नाही.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ आणखी स्पष्ट केला. नुसतं नाव नव्हे, जिच्यावरून ती कोण हे लांबूनही कळू शकेल अशी कुठलीही माहिती छापायची, दाखवायची नाही. वर्तमानपत्रात नाही, दूरदर्शनवर नाही, समाजमाध्यमांवरही नाही. सज्ञान बाईने स्वतः, कुणाच्या दबावाशिवाय ठरवलं तर गोष्ट वेगळी.

मग तिने ठरवलं होतं का? मी तिला विचारलं होतं, "पेपरला देऊ का?" तिने मान हलवली होती. परिषदेच्या दोन दिवसांत मी या मान हलवण्याचाच विचार करत होते. 'पेपर' म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल? एस. टी. स्टँडवर कुणीतरी वाचतो, संध्याकाळी त्यात भजी बांधली जातात, तो पेपर. तो एका दिवसात शिळा होतो. फोनवरची बातमी शिळी होत नाही. मागच्या दिवाळीत ते चित्रीकरण पुन्हा फिरलं आणि तिच्या भावाच्याच फोनवर आलं. एका गोष्टीला दिलेली परवानगी मी दुसऱ्याच गोष्टीसाठी वापरली होती.

वार्ताहराची बाजूही ऐकली. जेवणाच्या सुट्टीत मीच त्याच्याकडे गेले. त्याला ठरलेला पगार नाही. किती लोकांनी पाहिलं, त्यावर जाहिरातीचे पैसे ठरतात. ग्रामसभेची बातमी कुणी पाहत नाही, बाईच्या अब्रूची सगळे पाहतात. तो म्हणाला, "मी नाही टाकलं तर दुसरा टाकतो." ही पळवाट आहेच, पण खोटं नाही. अब्रूचा बाजार पूर्वीही होता. आता त्याचा हिशोब रोज फोनवर दिसतो, एवढाच फरक.

आणि फक्त वार्ताहरच कशाला? १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा फोनवरून फिरत होती. ती पुढे पाठवणाऱ्यांत पत्रकार किती होते? तुमच्या-आमच्यासारखी माणसंच होती. 'काळजीपोटी पाठवते आहे' असं म्हणत आपणही किती गोष्टी पुढे ढकलतो!

म्हणजे फोन वाईट, असं मला म्हणायचं नाही. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ साली खेड्यातल्या बायकांनी 'खबर लहरिया' नावाचं पत्र सुरू केलं. त्यात दलित बायका मोठ्या संख्येने. आधी बुंदेलीत छापायच्या, पुढे हातात फोन घेऊन गावोगाव चित्रीकरण करू लागल्या. रस्ता नाही, पाणी नाही, तक्रार घेत नाहीत, या बातम्या त्या आणतात. फोन तोच. कुणाच्या हातात आणि कशासाठी, हा प्रश्न आहे.

बोलणाऱ्या बाईला मात्र किंमत द्यावी लागते. जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम बायकांचे फोटो टाकून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. त्यात पत्रकार बायका होत्या. हे काही नवीन नाही. सुरतेच्या एका विधवेवरच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रातून समस्त बायकांची निंदा झाली, म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. त्यांच्यावर इतकी टीका झाली की जोतीराव फुल्यांना त्यांची बाजू घ्यावी लागली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. गप्प बसवण्याची रीत जुनीच आहे, आता ती घरबसल्या करता येते.

आता आपण काय करायचं? मी चार गोष्टी सुचवते, त्यावर तुम्ही बोला.

पहिली, कुठलंही पत्रक लिहिणारीने एकटीने पाठवायचं नाही. दुसरीने ते गावकऱ्याच्या नजरेने वाचायचं. यावरून मला ती बाई ओळखता येते का? येत असेल तर ती ओळ काढायची. तक्रार घेतली जात नाही ही बातमी पोलीस ठाण्याबद्दल लिहिता येते, त्यासाठी बाईचं वय आणि नोकरी लागत नाही.

दुसरी, परवानगी घेताना बातमी कुठे जाईल, किती दिवस राहील, पुसता येईल की नाही, हे सांगायचं. तिला एक रात्र विचाराला द्यायची.

तिसरी, सल्ला केंद्रात, शिबिरात काढलेले फोटो गटाबाहेर जाणार नाहीत. अहवालाला पाठमोरे फोटोही चालतात.

चौथी, कुणाचं चित्रीकरण फिरू लागलं तर घाबरून आधी पुसून टाकायचं नाही. पडद्याचा फोटो, तारीख, वेळ, कुणाकडून आलं ते जपून ठेवायचं आणि मग सायबर गुन्ह्याची तक्रार करायची. हद्दीचं कारण सांगून ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही. कंपनीकडेही मागणी करायची. विवस्त्र चित्र असेल तर ते काढायला २०२१ च्या नियमांनी २४ तासांची मुदत घालून दिली.

परिषदेहून आल्यावर मी तिला भेटायला गेले. सगळं सांगितलं, माफी मागितली. ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "ताई, तुमी लिवलं नसतं तर माझी तक्रार घेतली असती का?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण बातमी आल्याच्या दुसऱ्या दिवशी गुन्हा नोंदला गेला, हेही खरं आहे. तक्रार घेणं हे ठाण्याचं काम आहे. त्यासाठी बाईला आपलं दार जगाला दाखवावं लागू नये, ही आपली मागणी. ती पुरी होईपर्यंत प्रत्येक वेळी हा पेच येणार आहे. तो मी एकटीने, रात्री अकरा वाजता, फोनवर सोडवला. यापुढे आपण तो मिळून सोडवू या, आणि जिची गोष्ट आहे तिला त्यात सर्वांत आधी बसवू या.