ट्रॅक्टरच्या सीटवरून उतरा



बैलांच्या नांगराचे तास सहा इंच रुंद धरले, तर एक एकर नांगरताना माणूस सुमारे साडेसव्वीस किलोमीटर चालतो. हिशेब करून पाहा. पुढे ट्रॅक्टर आला, मळ्यात जायला मोटारसायकल आली. चालणे गेले, भाकरी मात्र तेवढीच राहिली.

लंडनमधील बस कर्मचाऱ्यांची पाहणी डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. ट्रॅक्टरची सीटही चालकाचीच!

चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातील साखर वापरतात. म्हणून रात्री जेवल्यावर लगेच आडवे न होता दहा-पंधरा मिनिटे चाला. आठवड्यात निदान १५० मिनिटे भरभर चालणे व्हावे. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग ठेवा. पंपाचे बटण दाबायला गेलो, ते यात धरू नका. (प्रक्षेत्रावर जीपने फिरणारा मीही यातून सुटत नाही.)

मधुमेह असल्यास अनवाणी चालू नका. चालताना छाती भरून आली, हात किंवा जबडा दुखू लागला, तर तेथेच थांबा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. पित्त समजून घरी थांबू नका.