ठोके कोण ऐकणार?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



टेबलावरचं हे लाकडी नरसाळं पाहून मघाशी एका मुलानं विचारलं, "ही तुतारी आहे का?" तुतारी नाही रे बाबा, ही ऐकायची वस्तू आहे! आदॉल्फ पिनार या फ्रेंच डॉक्टरांनी १८९५ च्या सुमारास ती घडवली. पसरट तोंड आईच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि हात काढून घ्यायचा, नाहीतर हाताचीच खसखस ऐकू येते. बोटं मात्र आईच्या मनगटावर हवीत. ऐकू येतंय ते बाळाचं हृदय आहे की आईचीच नाडी, हे त्यानं कळतं. कळ ओसरली की पूर्ण मिनिटभर मोजायचं. साधारण ११० ते १६० ठोके भरले की ठीक.

कळ ओसरल्यावरच का मोजायचं? कळ आली की गर्भाशय आवळतं आणि वारेकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडतं. विहिरीत बुडी मारावी तसं बाळ तेवढा वेळ दम धरतं. धडधाकट बाळाला त्याचं काही वाटत नाही. पण कळ सरूनही ठोके उतरलेलेच राहिले, दर कळेला तसंच होऊ लागलं, तर बाळाची शिदोरी संपत आली असावी, अशी शंका घ्यायची.

१९६० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड हॉन आणि उरुग्वेत काल्देरो-बार्सिया यांनी हे ठोके यंत्रानं कागदावर उतरवले. आता प्रसूतीत मेंदूला होणारी इजा टळेल, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे येणारं हालचालींचं अपंगत्व, हटेल, अशी मोठी आशा होती.

मग डब्लिनच्या नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलनं जवळपास १३,००० बाळंतपणांवर ही आशा तपासली. १९८५ साली निष्कर्ष छापून आले. निम्म्या बायकांच्या बाळांचे ठोके यंत्रानं सतत टिपले होते, निम्म्यांचे ठरावीक वेळानं कानानं ऐकले होते. जन्मानंतर झटके आलेली बाळं यंत्राच्या गटात १२, दुसऱ्या गटात २७. हा फायदा लहान नाही. पण मृत्यूंमध्ये फरक नव्हता, आणि मुलं चार वर्षांची झाल्यावर पाहिलं तर सेरेब्रल पाल्सीतही नव्हता. तिचं मूळ बहुतेकदा कळा सुरू होण्याआधीच रुजलेलं असतं. पुढच्या चाचण्या एकत्र मांडल्या तेव्हा सतत यंत्र लावलेल्या बायकांची सिझेरियन जास्त झालेली दिसली. कागदावरची प्रत्येक घसरण म्हणजे गुदमरलेलं बाळ नसतं, पण ती पाहून डॉक्टर घाबरतो. मीही घाबरलोय.

डब्लिनची एक गोष्ट मात्र सांगताना नेहमी गळते. तिथं प्रत्येक बाळंतिणीजवळ एक परिचारिका असायची. म्हणजे यंत्राची तुलना झाली ती जागरूक कानाशी. आपल्याकडे एकीच्या वाट्याला चार-पाच खाटा येतात, तिथं हा कान आणायचा कुठून?

बाळाची वाढ खुंटली असेल, कळांसाठी सलाइनमधून औषध चालू असेल, आधीचं सिझेरियन असेल, तर यंत्र लावायलाच हवं, त्यात वाद नको. बाकी सुदृढ आईसाठी जागतिक आरोग्य संघटना अधूनमधून ऐकणंच सुचवते: कळांच्या पहिल्या टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी, जोर करायच्या वेळी दर पाच मिनिटांनी.

तेव्हा लेक बाळंतपणाला माहेरी आली की प्रसूतिगृहात नाव घालायला जाताना खोलीचं भाडं विचारालच. त्याबरोबर एवढंही विचारा: रात्री दोन वाजता ठोके कोण ऐकणार, आणि किती वेळानं?