रयतेची वकील गौरी अम्मा
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



केरळांतील एका बाईंची हकीकत आज आम्ही तुमच्यापुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव के. आर. गौरी. तिकडे बाईमाणसाला मानानें 'अम्मा' म्हणतात, म्हणून सारा मुलूख त्यांना गौरी अम्मा म्हणे. ज्या बाईनें कुळांना जमिनीचे मालक होण्याची वाट करून दिली, तिला राज्याची पहिली खुर्ची मात्र मिळाली नाहीं. असें कां व्हावें, आणि आपल्या घरांत याहून निराळें कांहीं चालतें काय, याचा विचार तुम्हीं करावा, एवढ्यासाठींच हें बोलणें.

गौरी अम्मांचा जन्म १४ जुलै १९१९ रोजीं चेरथला तालुक्यांतील पट्टणक्काड गांवीं, ईळव जातींत झाला. माडी काढणें, काथ्या वळणें, माग चालविणें, दुसऱ्याचें शेत कसणें हे या जातीचे धंदे. गौरी अम्मांच्या घरची स्थिति बरी होती. पण पैशानें जातीचा डाग पुसला जात नसे. वैकोम गांवीं देवळाभोंवतालच्या रस्त्यानें चालतां यावें म्हणून १९२४-२५ सालीं सत्याग्रह करावा लागला. त्रावणकोर संस्थानानें देवळांचे दरवाजे उघडले ते १९३६ सालीं. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनीं जें काम केलें, त्याच धर्तीचें काम तिकडे नारायण गुरूंनीं केलें. विद्या आणि एकजूट यांवांचून उद्धार नाहीं, हें त्यांनीं लोकांच्या मनावर ठसविलें. त्या वाऱ्यांत वाढलेली ही मुलगी कायदा शिकली. ईळव समाजांत कायद्याची पदवी घेणारी ती पहिली बाई.

त्यांनीं वकिलीचा पैसा जोडला असता तर कोणी नांव ठेविलें नसतें. पण थोरला भाऊ मजुरांच्या चळवळींत होता. त्याच्या मागोमाग त्याही चळवळींत पडल्या आणि १९४८ सालीं कम्युनिस्ट पक्षांत गेल्या. तुरुंगवास भोगला. १९५२ व १९५४ सालीं त्रावणकोर-कोचीनच्या कायदेमंडळांत निवडून आल्या.

५ एप्रिल १९५७ रोजीं केरळांत नंबुद्रीपाद यांचें मंत्रिमंडळ आलें. त्यांत गौरी अम्मा महसूलमंत्री झाल्या. मंत्र्यांत बाई एवढी एकच. सहा दिवसांत, ११ एप्रिलला, कोणत्याही कुळाला जमिनीवरून काढतां येणार नाहीं असा वटहुकूम निघाला. ही घाई कां, तें शेतकऱ्याला सांगावयास नको. कुळांचा कायदा येतो अशी कुणकुण लागली कीं जमीनदार म्हणतो, "शेत आतां मी स्वतः कसणार," आणि कुळाला बांधाबाहेर काढतो. कायदा येईपर्यंत शेतावर कूळच उरत नाहीं! त्याच महिन्याच्या १ तारखेला आपल्या मुंबई राज्यांत कृषक दिन झाला, तेव्हां त्याआधींच जमीन सोडावी लागलेलीं कुळें किती होतीं, हें जुन्या माणसांना विचारा. गौरी अम्मांनीं आधीं ही पळवाट बुजविली, मग मोठा कायदा हातीं घेतला.

तो कायदा सुखासुखीं झाला नाहीं. ३१ जुलै १९५९ रोजीं दिल्लीनें तें मंत्रिमंडळच बरखास्त केलें. १९६७ सालीं त्या पुन्हां महसूलमंत्री झाल्या. १९६९ सालीं सुधारलेला कायदा मंजूर झाला, आणि १ जानेवारी १९७० पासून केरळांत जमीनदारी कुळवहिवाट संपली. दुसऱ्याच्या जागेंत झोंपडी घालून राहणाऱ्याला खेड्यांत दहा सेंटपर्यंत, म्हणजे आपल्या चार गुंठ्यांपर्यंत, जागेचा हक्क मिळाला. यांतलें उणेंही सांगितलें पाहिजे. कसण्याची जमीन कुळाकडे गेली. शेतावर मजुरी करणाऱ्या पुलय वगैरे दलित लोकांच्या वांट्याला बहुतेक ती झोंपडीची जागाच आली.

आतां संसाराचें ऐका. १९५७ सालीं त्याच मंत्रिमंडळांतील टी. व्ही. थॉमस यांच्याशीं त्यांनीं लग्न केलें. १९६४ सालीं पक्ष फुटला. नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला. १९६७ सालीं दोघेही मंत्री होतीं, पण दोन निरनिराळ्या पक्षांचीं. पक्ष फुटला तसें घरही फुटलें. थॉमस १९७७ सालीं वारले. अशा वेळीं बोल कोणाला लागतो, हें आमच्या आयाबहिणींना ठाऊक आहे.

१९८७ सालच्या निवडणुकींत गौरी अम्माच राज्य करणार, अशी हांक गांवोगांव उठली होती. मतें पडलीं, पक्ष जिंकला, आणि मुख्यमंत्री झाले ई. के. नायनार. १९९४ सालीं तर पक्षानें त्यांना काढूनच टाकलें. पाऊणशें वर्षें वयाला आलेली ही बाई रडत बसली नाहीं. तिनें आपला पक्ष काढला, आणि २००१ सालीं जुन्या विरोधकांच्या आघाडींतून पुन्हां मंत्री झाली. कोणी याला दोष देतील, देवोत. ११ मे २०२१ रोजीं, वयाच्या १०१ व्या वर्षीं, त्या वारल्या. तोंवर केरळांत एकही बाई मुख्यमंत्री झालेली नव्हती. गोव्यांत शशिकलाताई काकोडकर १९७३ सालीं मुख्यमंत्री झाल्या खऱ्या, पण त्यांच्या मागें वडील भाऊसाहेब बांदोडकर यांची पुण्याई होती. गौरी अम्मांच्या मागें नुसतें काम होतें.

मंडळी, केरळच्या पुढाऱ्यांना हंसूं नका. पेरणीला, खुरपणीला, मागावर, चाकावर बाई पुढें; आणि सातबाऱ्यावर नांव कोणाचें? कायद्यानें सरपंचकीची खुर्ची बाईला मिळाली, तर शिक्का कोणाच्या खिशांत असतो? राबतांना ती चालते, मग ठरवितांना कां चालत नाहीं? ज्या बापानें मुलीला शाळेंतून काढून खुरपें दिलें, त्यानें गौरी अम्मांच्या नांवानें टाळ्या वाजवूं नयेत. मुलीला शिकवा, शेताच्या कागदावर तिचें नांव घाला, आणि सभेंत ती बोलूं लागली म्हणजे तिच्याकडे पाहून खाकरूं नका. एवढें केलेंत तर आमचें बोलणें सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.