परिचारिका आहेत, पण कुठे?

‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. आज जी हकिगत सांगणार आहे, तिने ही म्हण उलटी केली. आडात पाणी होतं, गावं तहानलेली होती आणि पोहरा मात्र रिकामाच वर येत होता. ही हकिगत आहे पूर्व आफ्रिकेतल्या केनियाची, तिथल्या परिचारिकांची.

आधी थोडं आफ्रिकेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ सालचा आपला अहवाल आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावरच काढला होता. जगातल्या एकूण आजारांचं २४ टक्के ओझं आफ्रिकेच्या माथी आणि ते उचलायला जगातले कर्मचारी मात्र ३ टक्के, असं त्यात म्हटलं होतं. तीव्र टंचाईचे ५७ देश त्या अहवालाने दाखवले. त्यांतले ३६ सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचे.

हे ऐकलं की आपल्या मनात पहिला विचार येतो, आणखी मुलींना शिकवा. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. केनियात परिचारिका शिकून बाहेर पडत होत्या. मात्र १९९० च्या दशकात सरकारी नोकरभरतीवर बंधनं आली. त्यामुळे शिकलेल्या कितीतरी जणी काम नाही म्हणून घरी आणि परिचारिका नाही म्हणून दूरच्या दवाखान्यांना कुलूप, असा प्रकार झाला. कोण कुठे आहे, हे एका ठिकाणी सांगता येईल अशी सोय नव्हती. नोंदणी परिषदेच्या रजिस्टरात, पगार मंत्रालयाच्या कागदात, आणि दवाखान्यात प्रत्यक्ष कोण उभं आहे, हे त्या दवाखान्यालाच ठाऊक.

२००२ पासून तिथल्या परिचर्या परिषदेची कागदी रजिस्टरं संगणकावर घ्यायला सुरुवात झाली. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठाची आणि तिथल्या रोगनियंत्रण केंद्राची त्यात मदत होती. कोणी परीक्षा कधी दिली, नोंदणी कधी झाली, परवान्याचं नूतनीकरण झालं का, नेमणूक कुठे आहे, ही माहिती एकमेकींना जोडली गेली. काम कारकुनी, कंटाळवाणं. पण त्याचं फळ पाहा.

२००५ नंतर केनियाने परदेशी मदतीतून तातडीची भरती केली. २००९ पर्यंत सरकारी केंद्रांत काम करणाऱ्या १८,१८१ परिचारिकांपैकी १,८३६ या भरतीतल्या होत्या. रुग्णालयांतल्या परिचारिका ७ टक्क्यांनी वाढल्या, तर लहान दवाखान्यांतल्या १५ टक्क्यांनी. दुर्गम ईशान्य प्रांतात लोकसंख्येच्या प्रमाणात ही वाढ ३७ टक्के होती. म्हणजे पाणी शहराकडे न वळता कोरड्या शेताकडे गेलं. कंत्राट संपल्यावर सरकारने यांना सेवेत घ्यायचं, असा करार आधीच झाला होता. फेब्रुवारी २०१० पर्यंत त्या करारातल्या ९४ टक्के जणी कायम सेवेत आल्या. हे सगळं छातीठोकपणे सांगता आलं, कारण नोंद होती.

त्याच नोंदींनी एक कडू गोष्टही दाखवली. परदेशी जायचं तर आपल्या पात्रतेचा दाखला परिषदेकडून घ्यावा लागतो. त्या अर्जांवरून हिशेब निघाला, की शिकून तयार होणाऱ्या दर साडेचार परिचारिकांमागे एक बाहेर जाण्यासाठी अर्ज करते. गरीब देशाने शिकवायचं आणि श्रीमंत देशाने कामाला लावायचं, ही तक्रार जुनीच. आता तिला आकडा मिळाला.

माणसं मोजली, आता कामही मोजायला हवं. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये एक पद्धत दिली आणि २०१० मध्ये ती सुधारून काढली. हिशेब घरगुती आहे. समजा, सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण वजा जाता एक परिचारिका वर्षाला २२० दिवस, रोज आठ तास काम करते. झाले १,७६० तास. गरोदर बाईच्या एका तपासणीला वीस मिनिटं लागतात आणि केंद्रात वर्षाला सहा हजार तपासण्या होतात, तर त्यालाच दोन हजार तास हवेत. बाळंतपणं आणि लसीकरण बाजूलाच. म्हणजे एकटी बाई तिथे पुरणार नाही. ‘एका केंद्राला अमुक पदं’ असा सरसकट नियम लावला, की एकीकडे माश्या मारत बसायची वेळ येते आणि दुसरीकडे जेवायलाही फुरसत मिळत नाही.

मी बीए झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकातलं मला फारसं कळत नाही. पण नोंद म्हणजे काय, ते कळतं. ज्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, त्याची कोणी वाट पाहत नाही आणि त्याच्याविषयी कोणी जाबही विचारत नाही. अर्थात, नोंदीने माणूस तयार होत नाही. मंत्रालयाच्या तिजोरीत पगाराचे पैसे नसतील, तर सुंदर यादीचा उपयोग काय? आणि यादी शिळीही होते. कोणाची बदली होते, कोणी परदेशी जातं, कोणी वारतं. ती रोज झाडून-पुसून ठेवावी लागते. केनियात २०१३ पासून आरोग्यसेवा ४७ परगण्यांकडे गेली. निर्णय करणारी दारं वाढली, तशी सामाईक वहीची गरजही वाढली.

टंचाई काही मिटलेली नाही. आफ्रिका विभागात २०१८ मध्ये दर हजारी डॉक्टर, परिचारिका आणि प्रसाविका मिळून जेमतेम दीड होत्या. अशा नोंदींसाठीची ‘आय-एचआरआयएस’ ही कोणालाही मोफत वापरता येणारी प्रणाली अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेच्या पैशावर वाढली आणि युगांडासारख्या देशांत रुजली. १ जुलै २०२५ रोजी त्या संस्थेचं मदतकार्य थांबलं. दुसऱ्याच्या दिव्याच्या उजेडात लिहिलेली वही आपली असते, दिवा आपला नसतो. तो आता त्या त्या देशाने आपल्या अंदाजपत्रकातल्या तेलावर तेवता ठेवायला हवा. नाहीतर शिकलेली परिचारिका घरी बसेल आणि कळा सुरू झालेली बाई कुलूप लावलेल्या दवाखान्याच्या पायरीवर.