मूत्रपिंडाचा आजार : तपासणीला भिऊ नका
(बोम्मसंद्रा, बंगळूर येथे मराठी रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या सभेत केलेल्या भाषणावरून)



ही सभा ठरली तेव्हा आमच्यातलेच काहीजण म्हणाले, युनियनच्या व्यासपीठावर लघवीची चर्चा कशाला? होसूर रस्त्यावरच्या या बोम्मसंद्र्यात एकीकडे कारखाने, दुसरीकडे नारायण हृदयालयासारखे मोठे इस्पितळ. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोही इथवर आली. पण आपला माणूस इस्पितळाची पायरी चढतो ती पायांना सूज आली, दम लागू लागला की. तोवर अनेकदा डायलिसिसची वेळ आलेली असते. आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास. मग ड्यूटी कशी करायची?

हा आजार मुकाट्याने वाढतो. दुखत नाही, लघवीही नेहमीसारखी होते. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांना धोका सर्वांत जास्त. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांनीही सावध राहावे. उन्हात रुळांवर राबणारा ट्रॅकमन, बीटवर फिरणारा पोस्टमन पाणी कमी पितो. अनेक इंजिनांत स्वच्छतागृह नाही म्हणून लोको पायलट, त्यातही भगिनी, मुद्दाम तहान मारतात. हा त्यांचा दोष नव्हे, ती आपली जुनी मागणी आहे.

तपासण्या दोनच. लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचे प्रमाण, म्हणजे एसीआर, ३० च्या वर नको. आणि रक्तातील क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर ६० च्या खाली नको. तीन महिन्यांनंतरही दोष तसाच दिसला तर आजार मुरला आहे असे समजावे. नुसते क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आले म्हणून निर्धास्त राहू नका. मूत्रपिंडाची जवळजवळ निम्मी शक्ती जाईपर्यंत ते नॉर्मल दिसू शकते.

खरी अडचण भीतीची आहे. रनिंग स्टाफमधले आपले काही बांधव मेडिकलच्या आधी आठ दिवस रक्तदाबाची गोळी घेतात आणि पास झाले की सोडून देतात. डिकॅटेगराइज झालो तर मायलेज जाईल, ही धास्ती. नियमाप्रमाणे पर्यायी पद मिळते, वेतननिश्चितीत मूळ वेतनाचे ३० टक्के धरले जातात, तरी घरखर्चाला खड्डा पडतोच. आम्ही ते नाकारत नाही. पण हा खड्डा पडतो तो आजार लपवल्याने. सुरुवातीलाच सापडलेला आजार रक्तदाब व साखर ताब्यात ठेवून आणि योग्य औषधांनी बरीच वर्षे रोखता येतो. त्यातले डापाग्लिफ्लोझिन २०२० मध्ये पेटंट संपल्यावर अनेक कंपन्या बनवू लागल्या आणि ते पुष्कळ स्वस्त झाले.

म्हणून प्रशासनाकडे आमची मागणी आहे: मधुमेह वा रक्तदाब असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची एसीआर तपासणी वर्षातून एकदा, फुकट, आणि तिचा अहवाल केवळ उपचारासाठी वापरावा. ग्रामीण डाक सेवकांना तर सीजीएचएसचे कार्डही नाही, त्यांचा विचार आधी व्हावा.

बाहेर टेबलावर रक्तदाब मोजण्याची सोय केली आहे. ज्यांना साखर आहे त्यांनी पुढच्या खेपेला डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ‘एसीआर’ लिहून घ्यावे.